पंख्याविना शीतलता : एका जुन्या ग्राफिक्स कार्डाची हकीकत आणि तिच्यामागील विज्ञान

स्मरणिकेसाठी लेख द्यावा, असा निरोप आला तेव्हा इतिहासाच्या शिक्षकाकडून इतिहासावरीलच लेख अपेक्षित असणार, हे आम्ही जाणून होतो. प्रस्तुत लेखाचा विषय मात्र संगणकाच्या पेटीतील एक लहानसा पंखा हा आहे. तो पंखा काढून टाकताना आम्हांस जे शिकावे लागले, ते येथे क्रमाने मांडले आहे. इतिहासाशी या विषयाचा संबंध आहे. तो कसा, हे प्रथम सांगितले पाहिजे.

आमच्या शाळेत गेली काही वर्षे पालक मेळाव्याच्या दिवशी विद्यार्थी आपल्या आजी-आजोबांच्या आठवणी ध्वनिमुद्रित करतात. पालघर, बोईसर, तारापूर, डहाणू, तलासरी या पट्ट्याचा इतिहास पुस्तकांत थोडा आणि माणसांच्या स्मरणात अधिक आहे. १४ ऑगस्ट १९४२ रोजी पालघर येथे गोळीबार होऊन पाच जण हुतात्मे झाले. १९४५ मध्ये वारली समाजाने वेठबिगारीविरुद्ध उठाव केला. पुढे तारापूरला अणुवीज केंद्र आले, बोईसरला औद्योगिक वसाहत उभी राहिली आणि केंद्राच्या तिसऱ्या व चौथ्या अणुभट्टीसाठी अक्करपट्टी आणि पोफरण ही गावे उठली. यांतील काही प्रसंग स्वतः पाहिलेली, काही वडीलधाऱ्यांच्या तोंडून ऐकलेली माणसे अजून आपल्यात आहेत. ती बोलतात तोवरच त्यांचे शब्द टिपून ठेवता येतील.

हे ध्वनिमुद्रण आम्ही संगणक कक्षातील एका कोपऱ्यात करीत असू. मायक्रोफोन संगणकालाच जोडलेला असतो आणि मुले पुढे तेथेच बसून, ऐकून, मजकूर उतरवून काढतात. तो संगणक एका कार्यालयाने वापरून झाल्यावर शाळेस दिलेला. त्याच्या मदरबोर्डवर चित्र दाखविण्याची स्वतंत्र सोय नसल्याने ग्राफिक्स कार्डाशिवाय पडदा उजळतच नाही. या कार्डावरील पंखा जुना झाला होता आणि सतत किरकिरत असे. आम्ही त्या आवाजाकडे दुर्लक्ष केले. सवय झाली की कान आवाज ऐकेनासा होतो. मायक्रोफोन मात्र काहीच विसरत नाही.

एका विद्यार्थिनीच्या आजीबाई आपल्या उठलेल्या गावाविषयी जवळजवळ पाऊण तास बोलल्या. विहिरी कोठे होत्या, कोणत्या घराला कोणती वाट जात होती, मासे कोठे वाळत घालीत, हे सारे त्यांनी सांगितले. पुढे मुले ते ऐकू लागली तेव्हा संपूर्ण पाऊण तास त्या पंख्याची किरकिर सोबत होती. आजीबाईंचा आवाज मुळात बारीक. वाक्याचा शेवट करताना तो आणखी खाली जात असे आणि नेमके तेथेच शब्द बुडत होते. ऑडॅसिटीसारख्या प्रणालीने गोंगाट वजा करता येतो, म्हणून तेही करून पाहिले. परंतु ‘स’, ‘श’, ‘ह’ यांसारखी व्यंजने स्वतःच हवेच्या फुत्कारासारखी असतात. गोंगाट पुसताना तीही पुसली जातात. पुढील मेळाव्यास त्यांना पुन्हा बोलवू, असे आम्ही ठरविले. मेळाव्यापूर्वीच त्या निवर्तल्या.

त्यानंतर आम्ही त्या पंख्याकडे गांभीर्याने पाहू लागलो.

आवाज कोणाचा?

संगणकाच्या पेटीत बहुधा तीन-चार पंखे असतात : प्रोसेसरवर एक, वीजपुरवठा करणाऱ्या एसएमपीएसमध्ये एक, कधी पेटीच्या मागील भिंतीवर एक आणि ग्राफिक्स कार्डावर एक. कोणता पंखा आवाज करतो हे ओळखण्याची रीत साधी आहे. पेटी उघडी ठेवून संगणक चालू करावा आणि वाळलेल्या रिफिलच्या टोकाने पंख्याचा मधला भाग, पात्यांना हात न लावता, क्षणभर थोपवावा. ज्या क्षणी किरकिर थांबेल तो पंखा अपराधी. आमच्याकडे तो कार्डावरील चार सेंटिमीटरचा पंखा निघाला.

लहान पंखाच अधिक का ओरडतो, याला कारण आहे. तेवढीच हवा हलविण्यासाठी लहान पंख्याला मोठ्यापेक्षा पुष्कळ वेगाने फिरावे लागते आणि पंख्याचा आवाज वेगाबरोबर झपाट्याने चढतो. तोच पंखा निम्म्या वेगाने फिरविला तर आवाज सुमारे १५ डेसिबलने उतरतो. शिवाय स्वस्त पंख्यांत बुशचे बेअरिंग असते. त्यातील तेल वाळले की दांडा बुशला घासू लागतो. आपल्या भागात खाऱ्या हवेमुळे आणि कारखान्यांच्या धुळीमुळे हे लवकर घडते. पंखा उघडून शिवणयंत्राच्या तेलाचा थेंब घातला की तो काही आठवडे गप्प राहतो, हे आम्ही अनुभवले. नवा पंखाही आणून बसविला. दुसऱ्या पावसाळ्यानंतर तोही किरकिरू लागला.

तेव्हा पंखा बदलणे हा उपाय नसून पंख्याची गरजच संपविणे हा उपाय, असा विचार पुढे आला. जगात हे नवे नाही. पंख्याविना चालणारी ग्राफिक्स कार्डे बाजारात मिळतात. वीस वर्षांपूर्वी कोरियाच्या झालमन कंपनीने जुन्या कार्डांवर बसविता येतील असे दोन मोठ्या धातूपट्ट्यांचे संच विकण्यास आणले होते. आम्हांस ते येथे मिळणार नव्हते. पण त्यांमागील तत्त्व विकत घ्यावे लागत नाही.

उष्णतेला वाट हवी

कार्डावरील चिपमध्ये जाणारी जवळजवळ सारी वीज अखेर उष्णता होऊन बाहेर पडते. ३० वॅट वीज आत गेली की ३० वॅट उष्णता बाहेर काढावीच लागते. ती नाहीशी करता येत नाही. तिला केवळ वाट देता येते. सातवीआठवीच्या विज्ञानात आपण तीन वाटा शिकलो आहोत : वहन, अभिसरण आणि प्रारण. चिपमधून धातूत उष्णता वहनाने जाते. धातूच्या पात्यांवरून हवेत ती अभिसरणाने जाते. काही अंश प्रारणाने थेट निघून जातो. पंखा यांपैकी फक्त दुसऱ्या पायरीवर काम करतो : पात्यांमधून हवा जोराने ढकलतो. पंखा काढला तरी गरम हवा हलकी होऊन आपोआप वर जातेच. फक्त तिची गती कमी असते. वारली घरात कुडाच्या भिंतींच्या फटींतून खालची हवा आत येते आणि चुलीचा धूर छपराखालून बाहेर पडतो, तो कोणत्याही यंत्राविना. तेच येथे साधायचे होते.

गती कमी असेल तर क्षेत्रफळ वाढवावे लागते. किती, याचा हिशेब नववीच्या मुलांनी केला. स्थिर हवेत एक चौरस मीटर पृष्ठभाग, त्याचे तापमान हवेपेक्षा एक अंशाने अधिक असल्यास, साधारण ५ ते १० वॅट उष्णता देतो. मुलांनी ७ हा आकडा धरला. खोलीपेक्षा पाती ४० अंशांनी गरम होऊ द्यायची असे ठरविले, तर ३० वॅटसाठी ३० भागिले २८०, म्हणजे सुमारे ०.१०७ चौरस मीटर किंवा १,०७० चौरस सेंटिमीटर क्षेत्रफळ हवे. ए-फोर आकाराच्या एका कागदाच्या दोन्ही बाजू मिळून सुमारे १,२५० चौरस सेंटिमीटर होतात, त्याहून हे थोडे कमी. आमच्या कार्डावरील मूळ धातूची चकती याच्या पाव भागाएवढीही नव्हती. पंखा एवढ्या वेगाने का फिरत होता, याचे उत्तर या एका आकड्यात मिळाले.

अणुभट्टीपासून मिळालेला धडा

बोईसरच्या मुलांना ‘पंख्याविना’, ‘पंपाविना’ थंड करणे म्हणजे काय, हे समजावण्यासाठी फार दूर जावे लागत नाही. तारापूरच्या पहिल्या दोन अणुभट्ट्या २८ ऑक्टोबर १९६९ रोजी व्यापारी तत्त्वावर वीज देऊ लागल्या. त्या उकळत्या पाण्याच्या प्रकारच्या आहेत. अणुभट्टी बंद केली तरी इंधनातील उष्णता लगेच थांबत नाही. बंद केल्या क्षणी ती पूर्ण शक्तीच्या सुमारे ६ ते ७ टक्के असते, तासाभराने दीड टक्क्याच्या आसपास आणि एका दिवसाने अर्ध्या टक्क्याच्या आसपास येते. अशा वेळी वीजच गेली आणि पंप थांबले तर? त्यासाठी या भट्ट्यांना आपत्कालीन संघनित्र दिलेले आहे. वाफ स्वतःहून वर चढते, वरच्या टाकीतील पाण्यात बुडालेल्या नळ्यांमध्ये थंड होऊन पाणी होते आणि ते पाणी स्वतःच्या वजनाने पुन्हा खाली भट्टीत येते. हे अभिसरण पंपाविना चालते.

तिसरी व चौथी अणुभट्टी जड पाण्याच्या प्रकारच्या, प्रत्येकी ५४० मेगावॅटच्या आहेत. या प्रकारात वाफ तयार करणारी जनित्रे भट्टीच्या गाभ्यापेक्षा उंचावर ठेवलेली असतात. पंप थांबले तरी गरम जड पाणी वर जाते, थंड झालेले खाली येते. याच प्रकारच्या नरोरा येथील भट्टीत ३१ मार्च १९९३ रोजी टर्बाइनगृहात आग लागून केंद्राचा वीजपुरवठा कित्येक तास बंद पडला, तेव्हा गाभ्यातील उष्णता याच नैसर्गिक अभिसरणाने बाहेर नेली.

या उदाहरणातून आम्ही फळ्यावर एकच वाक्य लिहिले : उष्णतेचा उगम खाली, थंड होण्याची जागा वर, आणि मधली वाट मोकळी. पुढे हेच वाक्य आम्ही स्वतः विसरलो. ती चूक पुढे येईलच.

साहित्य

प्रथम कार्ड योग्य आहे का, ते पाहावे. मदरबोर्डच्या खाचेतून ग्राफिक्स कार्डाला जास्तीत जास्त ७५ वॅट मिळू शकतात. ज्या कार्डाला एसएमपीएसची वेगळी तार जोडावी लागते, ते कार्ड या प्रयोगास घेऊ नये. जीफोर्स २१० या वर्गातील कार्डाची कमाल गरज सुमारे ३०.५ वॅट असते. जीटी ७१० ची १९ वॅट. असली कार्डे योग्य. खेळांसाठी बनविलेली शंभर-दीडशे वॅटची कार्डे पंख्याविना ठेवण्याचा हट्ट धरू नये.

पात्यांचा ठोकळा, ज्याला कारखान्यांत हीट सिंक म्हणतात, तो आमच्या एका माजी विद्यार्थ्याने आणून दिला. तो औद्योगिक वसाहतीत विद्युत देखभालीचे काम करतो. मोटारीचा वेग बदलणाऱ्या जळालेल्या ड्राइव्हमधून असे अॅल्युमिनियमचे ठोकळे भंगारात निघतात. आमच्या ठोकळ्याचा तळ १५ बाय १० सेंटिमीटर; त्यावर १७ पाती, प्रत्येक १० सेंटिमीटर लांब आणि साडेतीन सेंटिमीटर उंच. दोन्ही बाजू धरून पात्यांचे क्षेत्रफळ १,१९० चौरस सेंटिमीटर झाले, तळ धरून सुमारे १,३००. गरजेपेक्षा थोडे अधिक. पात्यांमधील अंतर आठ मिलिमीटरच्या आसपास होते, हेही महत्त्वाचे. पंख्यासाठी बनविलेल्या ठोकळ्यात पाती दोन-दोन मिलिमीटरवर दाटीने असतात. अशा फटींतून पंख्याविना हवा जवळजवळ सरकतच नाही. म्हणून पंख्याविना थंड ठेवायचे तर पाती विरळ हवीत.

अडचण अशी की कार्डावर चिपभोवती उभे कपॅसिटर असतात आणि ते चिपपेक्षा उंच असतात. सपाट तळ थेट ठेवला तर तो त्यांच्यावर टेकेल. म्हणून मध्ये चार बाय चार सेंटिमीटरचा, बारा मिलिमीटर जाडीचा अॅल्युमिनियमचा ठोकळा घातला. त्यामुळे उष्णता अडेल का, हाही हिशेब मुलांनी केला. अॅल्युमिनियम उष्णतेचे उत्तम वाहक असल्याने तेवढ्या जाडीतून ३० वॅट जाताना जेमतेम एका अंशाचा फरक पडतो. खरा अडथळा धातूत नसून दोन पृष्ठभागांमध्ये अडकलेल्या हवेत असतो. अॅल्युमिनियमच्या तुलनेत हवा कित्येक हजार पटींनी मंद वाहक आहे.

कृती

संगणकाची तार भिंतीतील सॉकेटमधून काढावी. हात पेटीच्या धातूला लावून अंगावरील स्थिर वीज उतरवावी आणि मगच कार्ड खाचेतून बाहेर काढावे. एसएमपीएस कोणत्याही कारणास्तव उघडू नये. त्यातील कपॅसिटर तार काढल्यावरही धक्का देऊ शकतात.

कार्डाच्या पाठीमागील प्लास्टिकच्या खिळ्या पकडीने दाबून जुना पंखा व चकती सोडवावी. चकती चिकटून बसली असेल तर ओढू नये. संगणक आधी दहा मिनिटे चालवून गरम केल्यास जुनी पेस्ट मऊ होते आणि चकती किंचित फिरवून निघते. चिपवरील वाळलेली पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि सुती कापडाने पुसावी, खरवडू नये.

मधल्या ठोकळ्याचे दोन्ही पृष्ठभाग सपाट काचेवर पॉलिश पेपर ठेवून घासावेत, आधी जाड, मग बारीक. सपाटपणा तपासण्यासाठी पोलादी पट्टी उभी धरून उजेडाकडे पाहावे. पट्टीखालून प्रकाश दिसता कामा नये. चिपवर तांदळाच्या दाण्याएवढी थर्मल पेस्ट पुरते. पेस्ट भरपूर लावली की अधिक थंड होईल, हा समज चुकीचा आहे. धातूतील सूक्ष्म खळग्यांमधील हवा घालविणे एवढेच तिचे काम. जाड थर स्वतःच अडथळा होतो.

कार्डाला चिपच्या दोन बाजूंस भोके असतात. त्यांतून तीन मिलिमीटरचे लांब स्क्रू घालून ते हीट सिंकच्या तळाला पाडलेल्या आट्यांत बसविले. कार्ड आणि स्क्रूचे डोके यांमध्ये नायलॉनचे वॉशर आणि लहान स्प्रिंग ठेवल्या, म्हणजे दाब समान राहतो. दोन्ही स्क्रू आळीपाळीने अर्धा-अर्धा वेढा फिरवावेत. एकच बाजू आधी आवळली तर उघड्या चिपचा कोपरा तडकतो आणि कार्ड कायमचे जाते. शेवटी, हीट सिंकचा तळ कार्डावरील कोणत्याही टाक्याला किंवा कपॅसिटरला टेकत नाही, याची कागदाची पट्टी सरकवून खात्री करावी. हीट सिंकमुळे शेजारच्या दोन खाचा अडतात, हे गृहीत धरावे.

पहिला प्रयत्न फसला

कार्ड बसविले, संगणक चालू केला. पडदा उजळला आणि खोली शांत होती. मुलांनी टाळ्या वाजविल्या. नंतर जीपीयू-झेड या प्रणालीवर तापमान पाहत आम्ही फरमार्क चालविले, म्हणजे कार्डावर पूर्ण भार टाकला. वीस मिनिटांत आकडा ९८ अंशांवर गेला आणि चढतच राहिला. या वर्गातील चिपची कमाल मर्यादा १०५ अंश असते. आम्ही चाचणी थांबविली.

क्षेत्रफळ पुरेसे होते, पेस्ट नीट होती, स्क्रू घट्ट होते. मग चुकले कोठे? एका विद्यार्थिनीने फळ्यावरील ते वाक्य पुन्हा वाचून दाखविले आणि पेटीकडे बोट केले. उभ्या पेटीत ग्राफिक्स कार्ड आडवे असते आणि त्याची चिप खालच्या अंगाला असते. म्हणजे आमची पाती खाली लोंबत होती. गरम हवेला वर जायचे होते आणि वर कार्डाचेच छत होते. उगम वर, पाती खाली, वाट बंद : आम्ही नियमाच्या प्रत्येक भागाच्या उलट वागलो होतो.

उपाय खर्चाचा नव्हता. पेटी कुशीवर आडवी केली, मदरबोर्ड तळाशी येईल अशी. त्यामुळे कार्ड उभे राहिले आणि त्याच्या रुंदीच्या दिशेने धावणारी पाती सरळ उभ्या धुराड्यांसारखी झाली. वरचा पत्रा काढून त्या जागी बारीक धातूची जाळी बसविली. पाली आणि झुरळे आत जाऊ नयेत हा तिचा दुसरा उपयोग. अर्धा किलो वजनाचा ठोकळा आडव्या कार्डाला खाली ओढीत होता, तो भारही यामुळे कमी झाला. तरी आम्ही ठोकळ्याखाली लाकडी टेकू दिला.

पुन्हा तीच चाचणी केली. खोलीचे तापमान ३४ अंश असताना आकडा ७८ वर जाऊन स्थिर झाला आणि तासभर तेथेच राहिला. ध्वनिमुद्रणासारख्या कामात कार्डावर पूर्ण भार कधी येतच नाही. तेव्हा तो साठच्या आतबाहेर असतो.

मर्यादा

वाचकांचा गैरसमज होऊ नये म्हणून काही गोष्टी स्पष्ट केल्या पाहिजेत. पंखा काढला म्हणजे सारा संगणक निःशब्द होत नाही. प्रोसेसर आणि एसएमपीएस यांचे पंखे आमच्या पेटीत आजही आहेत. ते मोठे आहेत, सावकाश फिरतात आणि त्यांचा घोगरा, मंद आवाज मायक्रोफोन तीन फूट दूर ठेवला की नगण्य होतो. फिरणाऱ्या हार्ड डिस्कऐवजी एसएसडी बसविल्यावर आणखी शांतता आली.

दुसरे असे की मूळ पंखा केवळ चिपलाच नव्हे, तर आसपासच्या कपॅसिटरांनाही वारा घालीत असे. अशा कपॅसिटरचे तापमान दर १० अंशांनी वाढले की त्याचे आयुष्य साधारण निम्मे होते. म्हणून ते फुगले आहेत का, हे आम्ही दर सहामाहीस पाहतो. तिसरे म्हणजे, पंखा नसला तरी धूळ बसतेच. पात्यांवरची धूळ दर महिन्यास मऊ कुंचल्याने झाडावी लागते. आणि बंद कपाटात किंवा भिंतीला चिकटून ठेवलेल्या पेटीत हा प्रयोग कधीही करू नये.

खर्चाचे म्हणाल तर पेस्ट, स्क्रू, जाळी आणि पॉलिश पेपर एवढेच विकत आणावे लागले. त्याच्या बदल्यात एक चालता संगणक भंगारात जाण्यापासून वाचला. विद्युत कचऱ्याविषयीचे नवे नियम १ एप्रिल २०२३ पासून देशात लागू झाले आहेत. पण कचरा होऊच न देणे हा कोणत्याही नियमापेक्षा सोपा मार्ग आहे.

शेवटी

या सर्व खटाटोपातून मुलांना काय मिळाले, असे एका पालकांनी विचारले. वहन आणि अभिसरण या शब्दांच्या व्याख्या त्यांना आधीच पाठ होत्या. पण ९८ अंशांचा आकडा चढताना पाहिल्यावर त्या व्याख्या त्यांच्या उपयोगी पडल्या. आमच्या दृष्टीने याहून महत्त्वाची गोष्ट अशी की, दोष सापडला तो शिक्षकांना नव्हे, तर फळ्यावरचे वाक्य पुन्हा वाचणाऱ्या मुलीला. आणि तिने तो उघडपणे दाखविला.

त्या कोपऱ्यात आता पुन्हा ध्वनिमुद्रण होते. माणूस बोलता बोलता थांबतो, श्वास घेतो, आठवतो आणि मग हळू आवाजात पुढचे नाव उच्चारतो. ते नाव आता ऐकू येते. जुने पाऊण तासाचे मुद्रण आम्ही किरकिरीसह तसेच जपून ठेवले आहे. मुलांनी ते कानांना हेडफोन लावून, एकेक वाक्य दहा-दहा वेळा ऐकून उतरवून काढले आहे. जे शब्द लागले नाहीत तेथे रिकामी जागा सोडली आहे. अंदाजाने शब्द भरलेला नाही. आजीबाईंच्या नातीने त्यांतील दोन रिकाम्या जागा घरच्या माणसांना विचारून भरून आणल्या. बाकीच्या तशाच आहेत.

माजी विद्यार्थ्यांना आमची दोन प्रकारची विनंती आहे. आपल्या कारखान्यात किंवा कार्यालयात पात्यांचे ठोकळे, कमी विजेची जुनी कार्डे, चालू स्थितीतील एसएसडी भंगारात निघत असतील, तर रीतसर परवानगी घेऊन ती शाळेस द्यावीत. अजून सहा संगणकांचे काम बाकी आहे. आणि पुढील पालक मेळाव्यास येताना घरातील वडीलधाऱ्यांना सोबत आणावे. खुर्ची, पाण्याचा तांब्या आणि ऐकणारी मुले तेथे असतील. खोली शांत आहे.